घुमटातला ध्रुव जरा उंच निघाला

मे महिन्याच्या अखेरीस बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातील एका शाळेच्या सभागृहात फिरत्या तारांगणाचा खेळ पाहिला. हवेने फुगवलेल्या काळ्या घुमटात रांगत शिरावे लागते, सतरंजीवर उताणे पडावे लागते आणि पंख्याच्या घरघरीत निवेदकाचे निम्मे शब्द विरून जातात. तरीही माणशी ६० रुपयांत ४० मिनिटांचा हा खेळ चुकवू नये, तो त्यातील पॉलिनेशियन, म्हणजे प्रशांत महासागरातील बेटांवरच्या दर्यावर्दींच्या भागासाठी.

१९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही जोडनौका होकायंत्राविना हवाईहून ताहितीला, म्हणजे सुमारे ४,००० किलोमीटर गेली. वाट दाखवणारे माउ पियाइलुग मायक्रोनेशियातील सातावाल बेटाचे. घुमटाच्या कडेला क्षितिजाची ३२ घरे, म्हणजे दिशा ओळखण्यासाठी पाडलेले भाग, एकेक करून उजळतात, आणि एका घरातून उगवलेला तारा फार वर चढला की त्याच घरातून उगवणारा पुढचा तारा कसा धरायचा, हे निवेदकाने फारच सुरेख समजावले. नौकेला ज्या ताऱ्याचे नाव दिले तो होकुलेआ म्हणजे आपली स्वाती. ती बरोबर माथ्यावरून जाऊ लागली की हवाईचे अक्षांश गाठले असे समजायचे.

नेमकी इथेच खेळाची मोठी चूक उघडी पडते. जितके अक्षांश, तितकेच अंश ध्रुव क्षितिजापासून वर दिसतो, आणि हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची भरते. खानापूर सुमारे साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे ध्रुव क्षितिजापासून दीड मूठ वर दिसायला हवा. घुमटात तो चांगला तीन मुठी वर होता. बहुधा उत्तरेकडच्या एखाद्या शहराची मांडणी तशीच राहिली असावी. परिणामी स्वाती माथ्याच्या बरीच दक्षिणेला ढळली होती. रात्री साडेदहाला बाहेर मैदानात येऊन पाहिले, तर खरी स्वाती माथ्याच्या किंचित उत्तरेला होती.

अंतराळयानांचा भाग घाईत उरकला आहे. अपोलोच्या संगणकात ३७ ताऱ्यांची यादी होती, हे सांगितले ते ठीक. मात्र ‘यान ताऱ्यांवरूनच आपली जागा शोधते’ हे विधान दिशाभूल करणारे आहे. चांद्रयानासारख्या यानावरचा तारे टिपणारा कॅमेरा यानाचे तोंड कोणीकडे आहे तेवढे सांगतो. ते कुठवर पोहोचले, हे बेंगळूरजवळच्या ब्यालाळू येथील अँटेनांसारख्या केंद्रांशी होणाऱ्या रेडिओ संपर्कातून ठरते.

ध्रुवाची गोष्ट सांगितल्यावर आयोजकांनी वाद न घालता दुसऱ्या दिवशीच्या कन्नड खेळाआधी अक्षांश बदलून घेण्याचे कबूल केले. जाणाऱ्यांनी आत पडल्या पडल्या दीड मूठ मोजून पाहावी.