गाता गाता वाजवायचं असेल तर: शेल की रूटलेस?

पियानोवर बसून स्वतःची गाणी म्हणायची आणि त्यांत जॅझचा रंगही आणायचा, असं ठरवलं की एक पेच हमखास येतो. डाव्या हातात कॉर्डचा मूळ स्वर ठेवायचा की सोडून द्यायचा? ठेवला तर शेल, सोडला तर रूटलेस. सेव्हन्थ, नाइन्थ म्हणजे काय हे माहीत आहे असं धरूनच पुढे लिहितो.

सी मेजरमधलं नेहमीचं टू-फाइव्ह-वन घ्या, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड ओळीने. रूटलेसमध्ये डी मायनर नाइनसाठी एफ-ए-सी-ई, जी थर्टीनसाठी एफ-ए-बी-ई आणि सी मेजर नाइनसाठी ई-जी-बी-डी. पहिल्या कॉर्डवरून दुसरीवर जाताना चारांतलं एकच बोट सीवरून बीवर सरकतं. उजवा हात पूर्ण मोकळा, आणि पहिल्याच दिवशी कानाला श्रीमंत वाटतं. शेलमध्ये डावीकडे दोनच स्वर, मूळ स्वर आणि सोबत सेव्हन्थ किंवा थर्ड: डी-सी, जी-बी, सी-बी. उजवीकडे एफ-ए, पुन्हा तेच एफ-ए, मग ई-जी. हेही सोपंच, पण रंग जरा फिका आणि दोन्ही हात गुंतलेले. नुसतं वाजवून पाहिलं तर रूटलेस सरळ जिंकतं. गायला लागल्यावर मात्र हिशेब बदलतो.

यात मूळ मुद्दा असा की रूटलेस ही एकट्याची पद्धतच नाही. बिल एव्हान्स, विंटन केली या जॅझ पियानोवादकांच्या हातून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती रुळली, आणि दोघांच्याही शेजारी बास वाजवणारा होता. एव्हान्सच्या १९५९ ते १९६१ च्या त्रिकुटात तर स्कॉट लाफारोसारखा माणूस खालची बाजू बघत होता. नॅट किंग कोल पियानोवर बसून गायचे, त्यांच्या त्रिकुटात ड्रम नव्हते, पण बास होता. शेलची चाल जॅझ पियानोवादक बड पॉवेलच्या डाव्या हातात ऐकू येते. तीही बँडमधलीच, पण मूळ स्वर हाताशी असल्यामुळे एकट्यानेही निभावते.

आता ज्या एका कटकटीमुळे माझा कौल ठरला ती सांगतो. पॉपच्या चालीत ओळीचा शेवट बहुतेक वेळा ‘सा’ या स्वरावर येतो आणि तो स्वर लांबवायचा असतो. सी मेजरमध्ये तो सी. डाव्या हातात ई-जी-बी-डी धरलंय. हे चार स्वर सुटे ऐकले तर तो चक्क ई मायनर सेव्हन आहे. सी कुठेच नाही. म्हणजे तो फक्त तुमच्या गळ्यात. तंबोरा बंद करून षड्ज लावायला सांगावं, आणि वर शेजारी कोणीतरी निषाद धरून बसावं, तसला प्रकार. कारण बी बरोबर अर्ध्या स्वरावर खाली उभा आहे. श्वास संपत आला, आवाज किंचित उतरला की तो बीकडेच ओढला जातो. खाली सी वाजत असता तर तेवढी उतरण खपून गेली असती. इथे ती उघडी पडते. त्यातून एफ-ए-सी-ईची जागा मधल्या सीच्या आसपास, म्हणजे पुरुषी आवाज जिथे आरामात फिरतो नेमकी तिथेच. चार स्वर आणि गळा एकाच गल्लीत. अशा वेळी शब्द आधी बुडतात.

यावर उपाय आहे, नाही असं नाही. शेवटच्या कॉर्डमधला बी काढून ए घ्या: ई-जी-ए-डी. घासणं थांबतं. पण हे स्वर एकटे वाजले की ते ए सेव्हन सस फोर, म्हणजे थर्डऐवजी फोर्थ असलेली अधांतरी कॉर्ड होतात, आणि गाणं संपलं की अजून कुठे जायचंय तेच कळत नाही. शेलमध्येही सी-बीवर सी गाताना बी टोचतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिथे मात्र खाली सी आहे आणि सुटका एका बोटाची: बीऐवजी जी धरा, उजवीकडे डी-ई शेजारी शेजारी ठेवा. थर्डला चिकटलेला हा सेकंड स्टीली डॅन या बँडवाल्यांनी भरपूर वापरला. ते त्याला म्यू मेजर म्हणत. जॅझही वाटतं आणि पॉपही, शिवाय गळ्याला जागा मिळते.

शेलची खोड वेगळी: चिखल. जी-बी हा थर्ड मधल्या सीच्या लगेच खालचाच घ्या. तोच एक सप्तक खाली नेला तर दोन्ही स्वरांचे उपस्वर एकमेकांत अडकतात आणि नुसता घरघराट उरतो. सेव्हन्थ त्यापेक्षा बराच खाली चालतो, कारण स्वरांत अंतर असतं. दुसरी चूक पेडलची. नवा मूळ स्वर वाजल्यावर लगेच पेडल सोडून पुन्हा दाबायचा. आधीचा डी धरून ठेवून त्यावर सी वाजवला की तळाशी दोन्ही घुमतात.

चाल बांधण्यासाठी म्हणाल तर मला शेल जास्त उपयोगी वाटतं, अर्थात हा सवयीचा भाग असू शकतो. पॉप गाण्याचं अर्धं काम बास करतो. सी ओव्हर ई (सी कॉर्ड, पण तळाला ई), एफ, एफ शार्प डिमिनिश्ड, जी ही चढती ओळ शेलमध्ये करंगळीने समोर मांडता येते. रूटलेसमध्ये सी कॉर्ड आधीच ईवरून सुरू होते, त्यामुळे सी आणि सी ओव्हर ई यांत फरकच उरत नाही. शिवाय रूटलेस सगळ्यालाच गोड करतं. लंगडी चालसुद्धा त्यात झाकली जाते.

रूटलेसची एक गंमत मात्र मान्य करावी लागेल. एफ-ए-बी-ई हे चार स्वर जीच्या कॉर्डला चालतात तसेच डी फ्लॅट सेव्हनलाही, शार्प फाइव्ह आणि शार्प नाइनसकट. बासवाल्याने मनाला येईल तो स्वर घ्यावा, तुम्ही बोट हलवायचं नाही. एकट्याने तीच युक्ती करायची तर शेलमध्ये जी-बीतला जी तेवढा डी फ्लॅटवर न्या, बाकीचे स्वर जागेवर. डी, डी फ्लॅट, सी असा बास उतरतो आणि तो ऐकूही येतो. त्या ठोक्यावर गळ्यात सी असेल तर हे टाळा, बीशी घासेल.

सोबत बास असेल आणि तुम्ही गात नसाल, तर रूटलेसच शिका. एरवी सुरुवात शेलने करा: मेट्रोनोम ६० वर, फक्त डावा हात आणि गाणं. शब्द न अडखळता म्हणता आले की उजवीकडचे दोन स्वर घाला. पुढे बासवाला आला की करंगळी उचला, म्हणजे त्याच्या आणि तुमच्या मूळ स्वरांची टक्कर होणार नाही. उलट दिशेने, म्हणजे रूटलेस मुरलेल्या हाताला करंगळी खाली टेकवायला शिकवणं, बरंच जड जातं.