तोंडाच्या वासाचं ‘पॅकेज’ घेण्याआधी हे वाचा

माझ्या धाकट्या बहिणीच्या तोंडाला वास येत नाही. आम्ही सांगून पाहिलं, मैत्रिणींनी सांगितलं. पण कोणी नाकाला हात लावला, खिडकी उघडली, जरा सरकून बसलं, की ते आपल्यामुळेच, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बोलताना तोंडापुढे रुमाल, सतत ब्रश, कॉलेजला दांड्या. अशात एका ‘दुर्गंधी निवारण केंद्रा’च्या जाहिरातीनं तिला गाठलं.

तपासणीच्या वेळी मी शेजारीच होते. आधी “तोंड साफ करून घ्या” म्हणून झणझणीत माउथवॉशनं चूळ भरायला लावली, आणि लगेच यंत्राच्या नळीत फुंकायला सांगितलं. आकडा सर्रकन वर! हिचा चेहरा उतरला. ही यंत्रं श्वासातली गंधकाची संयुगं मोजतात, पण माउथवॉशमधल्या अल्कोहोलनंही त्यांचा आकडा फुगतो. म्हणून तपासणीआधी माउथवॉश वापरायचाच नसतो, हे नंतर दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं.

“पण आम्हाला कुणालाच वास येत नाही,” मी म्हटलं. उत्तर तयारच होतं, “घरच्यांना सवय होते, ताई.” यावर काय बोलणार, कपाळ?

मग गोळ्या, स्प्रे, सगळे पैसे आगाऊ. आणि एक वही. दिवसभरात कोणी कोणी नाक धरलं, तोंड फिरवलं, ते त्यात लिहायचं. माझा खरा संताप या वहीवर आहे. तिनं पानंच्या पानं भरली; लिफ्टमध्ये शिंकलेला माणूससुद्धा सोडला नाही. नोंदी वाढल्या की “तुमची केस जुनी आहे” म्हणत पुढचं पॅकेज गळ्यात मारायचे.

दातांच्या डॉक्टरांनी जीभ, हिरड्या पाहिल्या, स्वतः श्वास हुंगला (खरा वास बहुतेकदा तोंडातूनच येतो, जिभेच्या मागच्या थरातून) आणि काही नाही म्हणून सांगितलं. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. ऑल्फॅक्टरी रेफरन्स डिसऑर्डर, म्हणजे आपल्याला घाण वास येतो असा समज मनात घट्ट बसण्याचा आजार. वैद्यकात एकोणिसाव्या शतकापासून त्याची वर्णनं आहेत, 1971 मध्ये त्याला ‘ऑल्फॅक्टरी रेफरन्स सिंड्रोम’ हे नाव मिळालं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीतही तो आहे. त्यांनी पहिल्यांदा ती वही बंद करायला लावली. आता औषध आणि समुपदेशन चालू आहे. रुमाल अजून सुटलेला नाही, पण कॉलेज सुरू झालंय.

केंद्राकडे पैसे परत मागितले तर “साहित्य वापरलेलं आहे” म्हणून हात वर केले. मोफत फेरतपासणीचे मेसेज मात्र येतच असतात.