बडोद्यातला ‘चिप मॅन्युफॅक्चरिंग’ कोर्स: फी कुठे वसूल होते, कुठे नाही

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीजवळची एक खासगी संस्था चालवते तो हा १२ आठवड्यांचा कोर्स. फी ४२,००० रुपये. डिप्लोमा किंवा बीएस्सी संपवणाऱ्या मुलांच्या घरी, दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत, सध्या याचीच विचारपूस चालू आहे. जाहिरातीत फॅबचा, म्हणजे चिपची सर्किटं बनवणाऱ्या कारखान्याचा फोटो आहे: पिवळा उजेड आणि पांढरे सूट घातलेली माणसं. वर्गात मात्र बराचसा वेळ चिपच्या असेंब्लीवर जातो आणि आमच्या मते तीच या कोर्सची जमेची बाजू आहे.

गुजरातेत कुठे काय होतं ते आधी नीट पाहा. साणंदला मायक्रॉन, सीजी सेमी आणि केन्स यांचं काम असेंब्ली, टेस्ट आणि पॅकेजिंगचं. दुसरीकडे तयार झालेली वेफर, म्हणजे अनेक चिप असलेली सिलिकॉनची चकती, इथे येते, कापली जाते, तारांनी जोडली जाते, काळ्या कवचात बंद होते आणि तपासून बाहेर पडते. वेफरवर सर्किट उमटवणारा खरा फॅब टाटा आणि तैवानची पीएसएमसी मिळून धोलेराला उभारत आहेत: १२ इंची वेफर, सर्किटचा बारीकपणा २८ ते ११० नॅनोमीटर, महिन्याला ५०,००० वेफरची क्षमता. बडोद्याच्या मुलाला आधी दार उघडेल ते साणंदचं. तेव्हा कोर्स तोलायचा तो त्याच मापाने.

सगळ्यात चांगलं शिकवतात ते वायर बाँडिंग, म्हणजे चिपला बारीक तारा जोडणं. त्यासाठी टेबलावर बसणारी, हाताने चालवायची यंत्रं म्हणजे बाँडर आहेत, जुने पण नीट राखलेले. २५ मायक्रॉनची सोन्याची तार, म्हणजे केसाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड, सिरॅमिकच्या बारीक नळीतून, म्हणजे कॅपिलरीतून, खाली येते. टोकाशी ठिणगी पडून तिची गोळी होते. साधारण १५० ते २०० अंशांवर तापवलेल्या डायच्या (वेफरमधून कापलेल्या चिपच्या तुकड्याच्या) अॅल्युमिनियम पॅडवर ती गोळी दाबायची, सोबत अल्ट्रासॉनिक कंपनं द्यायची, मग तारेची कमान करून दुसरं टोक लीडफ्रेमवर, म्हणजे चिपच्या पायांच्या धातूच्या चौकटीवर, चेपून तोडायचं. दुसऱ्या टोकानंतर कॅपिलरीखाली उरणारी शेपटी कमी पडली, तर पुढची ठिणगी नीट लागत नाही आणि गोळी बारीक किंवा वाकडी होते. हे मायक्रोस्कोपखाली स्वतःच्या हाताने बिघडवून बघायला मिळतं. व्हिडिओ कितीही पाहिले तरी ते कळत नाही.

गोळी पॅडला चिकटली नाही की नवखा हात लगेच अल्ट्रासॉनिकची पॉवर वाढवतो. इथले शिक्षक तिथेच थांबवतात, हे फार बरं करतात. न चिकटण्याचं कारण बहुतेकदा पॅडच्या पृष्ठभागावर असतं: एपॉक्सीचा, म्हणजे डाय चिकटवायच्या गोंदाचा ओघळ, बोटाचं तेल किंवा ऑक्साइड. उपाय म्हणजे पॅड साफ करणं, कारखान्यात आर्गॉन प्लाझ्माने. पॉवर वाढवली तर गोळी चिकटते, पण पॅडखालचा इन्सुलेशनचा थर तडकू शकतो. तो तडा त्या दिवशी दिसत नाही, तापमानाचे फेरे सोसल्यावर चिप मरते. तांब्याच्या तारेत हा धोका आणखी, कारण तांबं सोन्यापेक्षा कडक. शिवाय ते ऑक्सिडाइज होतं, म्हणून गोळी होताना ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के हायड्रोजनचा झोत लागतो. तो गॅस इथे नाही, त्यामुळे तांबं फक्त फळ्यावर शिकवतात.

पुल टेस्टही चांगली. कमानीखाली हूक घालून तार ओढायची. २५ मायक्रॉनच्या सोन्याला मिल-स्टँडर्ड ८८३ या अमेरिकी लष्करी मानकाप्रमाणे कवच बंद करण्याआधी किमान ३ ग्रॅम बळ सोसावं लागतं. किती ग्रॅमला तुटली याबरोबर कुठे तुटली तेही वहीत लिहायला लावतात. गोळीच्या वरच्या मानेपाशी तुटली तर ठीक. गोळीच पॅडवरून उचकटली, तर ग्रॅम कितीही येवोत, जोड वाया.

आता जे खटकतं ते. डाय चिकटवायची चांदीची एपॉक्सी घरगुती फ्रीजरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशांच्या आसपास ठेवलेली आहे, आणि सिरिंजवर उणे ४० अंश छापलेलं आहे. अशाने ती आतल्या आत मुरत जाते, घट्ट होते आणि थेंब सोडताना मागे धागा ओढते. बाहेर काढल्यावर सिरिंज उभी धरून, टोपण न उघडता, साधारण तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची असते. घाई केली तर हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि भट्टीत डायखाली पोकळ्या राहतात. पोकळी म्हणजे तिथून उष्णता बाहेर जात नाही. हा नियम वर्गात सांगतात, पण पाळला जात नाही, आणि हात शिकतो ते पाहिलेलं.

प्रॅक्टिकलच्या खोलीवर ‘क्लास १०,०००’ अशी पाटी आहे. त्याचा अर्थ एका घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त १०,०००, म्हणजे घनमीटरला साधारण ३,५२,०००. कण मोजायचं यंत्रच नाही, तर पाटी कशाच्या आधारावर? सूट चढवायचा क्रम मात्र बरोबर शिकवतात: डोक्यापासून खाली, बूट शेवटी.

लिथोग्राफी, एचिंग, डिपॉझिशन या फॅबमधल्या प्रक्रियांचे तीन आठवडे निव्वळ स्लाइडवर. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर फुकट आहेत आणि कितीतरी सखोल आहेत. त्यासाठी फी मोजू नका.

सगळ्यात मोठी उणीव संख्याशास्त्राची. लाइनवरच्या टेक्निशियनला आणि प्रोसेस इंजिनिअरला रोज लागतं ते सीपीके: सरासरी मर्यादेपासून किती दूर आहे ते अंतर भागिले प्रमाण विचलनाची तिप्पट. समजा दोन बाँडरवर पुल टेस्टची सरासरी ८ ग्रॅमच आली. पहिल्याचं प्रमाण विचलन १, दुसऱ्याचं १.५. किमान मर्यादा ३ धरली तर पहिल्याचा सीपीके ५ भागिले ३, म्हणजे १.६७, आणि दुसऱ्याचा ५ भागिले ४.५, म्हणजे १.११. बऱ्याच ठिकाणी १.३३ ही किमान अपेक्षा असते, म्हणजे दुसरं मशीन थांबवून कॅपिलरी, तापमान, क्लँप बघायला हवेत. सरासरी बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतील. एवढं गणित कोर्समध्ये एका तासातही बसलं असतं, पण नाही.

हा कोर्स कोणी करावा? इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकलचा डिप्लोमा, किंवा फिजिक्स-केमिस्ट्रीची बीएस्सी झालेल्यांनी जरूर. रिफायनरी आणि खत कारखान्यांमुळे बडोद्यात गॅस लाइन, व्हॅक्यूम, शुद्ध पाणी यांची जाण असलेली माणसं पुष्कळ आहेत. मशीन देखभालीच्या नोकरीत ती जाण थेट उपयोगी पडते. चिप डिझाइन करायचंय त्यांनी इकडे येऊ नये, त्यांना व्हेरिलॉग (सर्किट लिहायची संगणकी भाषा) आणि व्हीएलएसआयचा (चिपच्या सर्किट रचनेचा) अभ्यास हवा. आणि साणंदची नोकरी म्हणजे शिफ्ट आणि तिकडेच खोली. एक्सप्रेसवे असला तरी बडोद्याहून रोजची ये-जा निभणार नाही.

‘१०० टक्के प्लेसमेंट’ असं तोंडी सांगतात. मागच्या बॅचमधले किती जण कुठल्या कामावर लागले, ते लेखी मागा. पैसे भरण्याआधी एकदा प्रॅक्टिकलच्या वेळी जाऊन बघा: सकाळच्या बॅचला एका बाँडरमागे ५ जण असतात, संध्याकाळच्या बॅचला ९. जमत असेल तर सकाळचीच घ्या.