अक्रोडाच्या ग्रिपच्या नावाखाली झालेली फसवणूक

खंडेनवमीला आमच्या लष्करातल्या घरी शस्त्रपूजन होते आणि देव्हाऱ्यापुढच्या पाटावर आजोबांच्या तलवारीशेजारी वडिलांचे ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हरही ठेवले जाते, जे त्यांच्या पश्चात रीतसर माझ्या परवान्यावर आले आहे. गेल्या वर्षी पूजेच्या तयारीत ते पुसताना मुठीची डावी पट्टी स्क्रूपाशी तडकलेली दिसली. मूठ मुळातच माझ्या हाताला लहान पडत असे आणि करंगळी खाली लोंबकळत राही. त्यामुळे आता बदलायचीच आहे तर दिसायला देखणी आणि हाताला भरीव अशी अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची जोडी, घ्यावी, असे मी ठरवले.

इंटरनेटवर एका विक्रेत्याची छायाचित्रे पाहून मी भुललो. गडद तपकिरी लाकूड, त्यावर धुरकट रेषा आणि बारीक चौकडीचे कोरीव काम होते. त्याने तळहाताची रूपरेषा कागदावर काढून पाठवायला सांगितले, त्यामुळे हा माणूस जाणकार आहे, अशी माझी खात्री पटली. किंमत साडेसात हजार ठरली व त्यांपैकी साडेचार हजार रुपये मी आगाऊ यूपीआयने भरले.

दोन गोष्टींनी मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते. पहिली म्हणजे, थोडे अधिक पैसे दिल्यास सांबरशिंगाची ग्रिप देतो, असे तो सहज बोलून गेला. सांबराच्या शिंगांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे, म्हणून मी नकार दिला. पण जो माल घेणेच गुन्हा आहे, तो खोटा निघाला तरी गिऱ्हाईक तक्रार घेऊन जाणार कुठे, हा त्यामागचा हिशेब मला उशिरा उमगला. दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. नेमकी बसवून देण्यासाठी रिव्हॉल्व्हरच कुरिअरने पाठवा, असे त्याने सुचवले. शस्त्रदुरुस्तीलाही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवाना लागतो आणि आपले शस्त्र अशा अनोळखी माणसाच्या हाती देणे म्हणजे स्वतःचा परवाना व अब्रू दोन्ही पणाला लावणे होय. मी स्पष्ट नाही म्हटले, आणि पुढे हाच नकार त्याने माझ्यावर उलटवला.

उरलेले तीन हजार घेतल्यावर त्याने माल पाठवला. पहिल्या नजरेत पट्ट्या सुंदर वाटल्या. मग दोन्ही शेजारी ठेवल्या, तर डावीवर जिथे गाठ होती तिथेच उजवीवरही गाठ होती आणि तिच्याभोवतीच्या रेषाही तंतोतंत त्याच होत्या. खऱ्या लाकडाच्या दोन तुकड्यांत असे कधीच घडत नाही. बसवून पाहिल्यावर सांगाडा आणि पट्टी यांच्यात नखभर फट राहिली. स्क्रू आवळला, तरी पट्टी तळहाताखाली हलत होती.

काडतुसे काढलेले रिव्हॉल्व्हर आणि परवाना घेऊन मी एका परवानाधारक दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पट्टीच्या आतल्या कडेवर चाकूचे टोक टेकवून हलकेच ओढले. कांद्याच्या सालीसारखा पातळ तपकिरी पापुद्रा सुटून आला आणि खाली दाबलेल्या भुशाचा फिकट गठ्ठा दिसला. लाकडाचे चित्र छापलेला कागद वर चिकटवून त्यावर चकचकीत लेप दिला होता. त्यांनी आणखी एक दोष दाखवला. या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसावर आघात करणाऱ्या घोड्याला जोर देणारी कमान (स्प्रिंग) मुठीच्या पोकळीतच असते, म्हणून पट्टी आतून कोरून घ्यावी लागते. ही मात्र आतून फुगीर होती आणि कमानीला घासत होती. अशा वेळी घोडा कमी जोराने पडून ऐन वेळी काडतूस न फुटण्याचा धोका असतो.

विक्रेत्याला विचारले, तेव्हा तुम्ही रिव्हॉल्व्हर पाठवले नाही म्हणून माप चुकले, असे उत्तर आले. भुशाबद्दल विचारताच त्याने माझा क्रमांक बंद केला. मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, परंतु शेवटची रक्कम भरून तोवर नऊ दिवस उलटले होते आणि पैसे खात्यातून पुढे गेले होते. अशी वेळ कुणावर आली, तर त्याच तासात फोन करावा.

नवी ग्रिप शेवटी त्या मिस्त्रींनीच शिसवीची करून दिली. मापासाठी त्यांनी तडकलेली जुनी पट्टी मागून घेतली, जी त्या विक्रेत्याने एकदाही मागितली नव्हती. मग रिव्हॉल्व्हर माझ्या हातात देऊन तर्जनीचे पहिले पेर चापावर कुठे टेकते ते पाहिले, करंगळीसाठी खाली अर्धा बोट लाकूड वाढवले आणि वर फक्त जवसाचे तेल चोळले. खर्च अठराशे रुपये आला. भुशाच्या पट्ट्या आणि तो सुटलेला पापुद्रा मी तक्रारीच्या कागदांसोबत पाकिटात जपून ठेवला आहे. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.