काँक्रीट, डांबर की पेव्हर ब्लॉक: जुन्या सोसायटीच्या गल्लीचा हिशेब

पानशेतचा पूर 1961 सालचा. त्यानंतर पुण्याच्या कडेकडेने बंगल्यांच्या ज्या सहकारी वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीत मी राहतो. वीस फुटी गल्ली, दोन्ही बाजूंचे मिळून बावीस बंगले, टोकाला भिंत. रस्ता सोसायटीच्या मालकीचा, म्हणून तो कसा करायचा हा वादही सोसायटीचाच. तो आम्ही दोन वर्षं मनसोक्त घातला, 2022च्या उन्हाळ्यात काम केलं आणि त्यावरून आता चार पावसाळे गेले आहेत. तुम्ही अशाच एखाद्या कमिटीवर असाल आणि तीन कोटेशनं समोर घेऊन बसला असाल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं. दरांत शिरत नाही. ते कोटेशनवर असतातच, आणि सभा होईपर्यंत बदलतातही.

डांबरापासून सुरुवात करतो, कारण सभेतही तिथूनच होते. कोणीतरी ज्येष्ठ सभासद उठतात आणि जंगली महाराज रस्त्याचा दाखला देतात: 1970च्या दशकात रेकॉन्डो या कंपनीने केला, दहा वर्षांची हमी दिली, पुढे कितीतरी वर्षं टिकला. दाखला खराच आहे. नीट केलेलं डांबर टिकतं. पण डांबराचा वैरी पाणी, आणि आमच्या गल्लीत पाणी साचतं म्हणूनच तर सभा बोलावलेली. साचलेल्या पाण्यात डांबर खडीला धरून राहत नाही. आधी कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, सुटते, मग खडी, मग स्कूटरवाला. आमच्याकडे तीन-चार वर्षांनी एक थर पडायचा. दिवाळीच्या सुमारास काम, दोन दिवसांत रस्ता चालू, सगळे खूश. चालायला आणि गाडीला डांबराइतकं सुखाचं काहीच नाही, हे आजही मान्य करतो.

काँक्रीटच्या बाजूने बोलणारे सभेत सर्वांत जास्त होते. एकदा केलं की वीस-पंचवीस वर्षं बघायला नको, हा मुद्दा खोडणं अवघड. ट्रिमिक्स करून, म्हणजे ओल्या काँक्रीटमधलं जादा पाणी यंत्राने शोषून, वेळेवर सांधे कापून, दोन-तीन आठवडे मनापासून पाणी मारलं तर ते टिकतं. मला धास्ती होती ती खालच्या गोष्टींची. आमची ड्रेनेजची लाईन साठच्या दशकातली, सहा इंची स्टोनवेअर, म्हणजे भाजलेल्या मातीच्या, पाईपची, सुतळी आणि सिमेंटने सांधलेली. त्या सांध्यांतून उंबराची मुळं आत शिरतात आणि पाईपभर जटा होतात. दर दोन वर्षांनी कुठेतरी उकरावं लागतंच. डांबर उकरायला पहार पुरते, काँक्रीटला ब्रेकर लागतो, आणि नंतर त्यावर जे ठिगळ बसतं ते बहुतेक वेळा डांबराचंच असतं. ज्यांनी काँक्रीटच्या आधी खालचं सगळं बदललं आणि पुढच्या केबलींसाठी दर शे-सव्वाशे फुटांवर रिकामे पाईप आडवे टाकून ठेवले, त्यांना हा मुद्दा लागू नाही. अशा सोसायट्या मी पाहिल्या आहेत. हेवा वाटतो.

पण खरं सांगायचं तर माझं मत या खोदाईवरून ठरलं नाही. ते ठरलं पायरीवरून.

वडिलांनी घर बांधलं तेव्हा फाटकातून अंगणात आलं की ओट्याला तीन पायऱ्या होत्या, काळ्या दगडाच्या. आम्ही भावंडं त्यांवर बसून पावसाचं पाणी गल्लीतून वाहताना बघायचो. डांबराचा एकेक थर म्हणजे दोन-तीन इंच. जुना थर मिलिंग मशिनने खरवडून मग नवा टाकायचा असतो, हे मलाही आता कळलंय. पण एवढ्याशा गल्लीसाठी ते मशिन कोणी आणत नाही. ‘वरून कार्पेट मारून देतो’ हेच प्रत्येक कोटेशनचं सार. रस्ता चढला की दर वेळी फाटकाशी भर घालायची, मग अंगणात भर घालायची, नाहीतर पाणी आत. अशाने पहिली पायरी अंगणाखाली गेली, मग दुसरी. 2018 साली समोरचा मुख्य रस्ता काँक्रीटचा झाला. जुन्यावरच झाला, म्हणजे जवळजवळ फूटभर वर. तेव्हापासून आमची गल्ली बशी झाली आणि माझं घर, तोंडापासून दुसरं, बशीच्या तळाशी. दर पावसाळ्यात फाटकातून पाणी आत यायचं आणि सरळ जमिनीखालच्या टाकीत उतरायचं. प्यायच्या पाण्यात रस्त्याचं पाणी. टाकी उपसणं, ब्लीचिंग पावडर, आठवडाभर टँकर. मुलीने एकदा विचारलं, ‘बाबा, आपलं घर खचतंय का?’ तिला रस्ता चढतोय हे सांगायला मला त्या उरलेल्या पायरीवर बसावं लागलं.

25 सप्टेंबर 2019ची रात्र पुण्यात कोणी विसरलेलं नाही. आंबिल ओढा फुटून वाहिला, अरण्येश्वरच्या बाजूला भिंत कोसळून माणसं गेली. आमच्याकडे ओढा नाही. आमच्या नशिबी फक्त गल्लीतलं गुडघाभर पाणी आणि दोन बंद पडलेल्या गाड्या. तेवढ्यानेही सोसायटी जागी झाली. आदल्या दोन सभांना कोरम भरला नव्हता. त्यानंतरच्या सभेला खुर्च्या कमी पडल्या.

तेव्हा मी आणि शेजारचा एक सिव्हिल शिकणारा मुलगा, आम्ही गवंड्याची लेव्हल ट्यूब, म्हणजे पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी, घेऊन एका रविवारी सगळी गल्ली मोजली. मुख्य रस्त्यावरच्या पावसाळी चेंबरपासून सुरुवात केली आणि प्रत्येक फाटकाच्या खांबावर खडूची खूण करत मागे गेलो. खर्च एका चहाचा. तुम्ही काहीही निवडा, पण हे आधी करा. पाणी शेवटी ज्या चेंबरात जाणार त्याच्या तळापासून उलटं मोजत यायचं, शंभर फुटांना निदान सहा इंच ढाळ धरायचा, आणि मग रस्ता किती उंच ठेवता येईल ते ठरतं. आमच्याकडे सगळे याच्या बरोबर उलट करत आले होते: आधी रस्ता, मग पाणी जिकडे जाईल तिकडे. माझ्या फाटकाची खूण मुख्य रस्त्यापेक्षा पाच इंच खाली निघाली. चेंबरचा तळ मात्र त्याहून अडीच फूट खाली होता. म्हणजे पाणी जायला जागा होती, वाट नव्हती.

या खुणा हातात आल्यावर तिन्ही पर्याय वेगळे दिसू लागले. काँक्रीटसाठी खाली पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) आणि वर स्लॅब मिळून दहा इंच तरी हवेत. फाटकाची पातळी राखायची तर दहा इंच खोदायचं, आणि काही ठिकाणी आमचा तो म्हातारा स्टोनवेअर पाईप जेमतेम फूटभर खाली आहे. डांबराला फार खोदायचं नाही, पण तीन-चार वर्षांनी पुन्हा तोच थर, तोच ‘वरून मारून देतो’. पेव्हर ब्लॉकला मात्र वरचे डांबराचे थर पाच इंच काढले की पुरलं. साठ वर्षांची दबलेली खडी खाली तयारच होती. तिच्यावर रोलर, दीड इंच कच आणि ऐंशी मिलिमीटरचा ब्लॉक. पुढे कधी पाईप फुटला तर ब्लॉक उचला, काम करा, तेच ब्लॉक त्याच पातळीवर परत बसवा. रस्ता वर चढायला त्यात जागाच नाही.

ब्लॉकला लोक नावं ठेवतात आणि त्यात तथ्य आहे. भर रहदारीच्या रस्त्यावर ते उखडतात, खालची भर नीट दाबलेली नसेल तर चाकोऱ्या पडतात, फटींतून गवत येतं. समोरच्या काकूंची काठी एकदा फटीत अडकली, ते मला आजही ऐकवलं जातं. गाडी डांबरावरून जाते तशी गुळगुळीत जात नाही, घरघरते. आमच्याकडेही टोकाशी, जिथे टँकर वळतो तिथे, पहिल्याच वर्षी आठ-दहा फूट खचलं. कंत्राटदाराने तिथे साठ मिलिमीटरचे ब्लॉक बसवले होते. दोन माणसांनी एका सकाळी उचलून बदलले. तेवढी पट्टी काँक्रीटची असती तर खचली नसती, हेही खरं. कडेला कर्ब स्टोन, म्हणजे काठाचे उभे दगड, काँक्रीटमध्ये पक्के बसवून घ्या, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकत जातात. आणि आकार झिगझॅगच घ्या. चौकोनी दिसायला छान, पण चाकाखाली फिरतात.

गटाराबद्दल थोडक्यात. पाईप पुरून वर चेंबर हा पर्याय दिसायला नीटस असतो, पण चोंदला की कुठे चोंदला ते कळत नाही. आम्ही गल्लीला मधून उंचवटा न देता एकाच बाजूला ढाळ दिला आणि त्या कडेने आरसीसीचं यू गटार केलं, वर उचलता येतील अशी झाकणं. झाकणं खडखडतात. मे महिन्यात ती सगळी उचलून गाळ आणि गुलमोहराच्या शेंगा काढाव्या लागतात, आणि त्या दिवशी बावीसांपैकी सहा घरंच खाली उतरतात. तरी काय अडलंय ते डोळ्यांना दिसतं. गल्लीच्या तोंडाशी मात्र ब्लॉक लावले नाहीत. तिथे काँक्रीटचा छोटा उंचवटा आणि त्याच्या आत आडवी जाळी, म्हणजे मुख्य रस्त्याचं पाणी आत यायच्या आधीच गटारात पडतं. चार पावसाळ्यांत फाटकातून पाणी एकदाही आलेलं नाही. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच आहे.

तुमच्या गल्लीत खालचे सगळे पाईप नवे असतील, घरं रस्त्यापेक्षा चांगली उंच असतील आणि पाण्याचे टँकर रोज येत असतील, तर काँक्रीट घेतलं म्हणून मी तुम्हाला वेड्यात काढणार नाही. घरांच्या पायऱ्या मोजून मग सही करा, इतकंच.

गल्लीतलं पाणी आत येणं थांबल्यावर अंगणात घातलेली भरही काढता आली. ती काढताना एक दिवस कुदळ दगडावर आपटली. माती झाडली तर दुसरी पायरी, एक कोपरा उडालेली, बाकी तशीच. आता दोन झाल्या आहेत. तिसरी अजून खाली आहे. तिच्यासाठी मुख्य रस्ता उतरावा लागेल, आणि त्याची सभा आमच्या सोसायटीत होत नाही.