आधी ड्रॅक्युला की मंगळवासी?

व्हिक्टोरियन काळातल्या आक्रमणकथा वाचायच्या आहेत आणि वेळ एकाच पुस्तकापुरता आहे, तर एच. जी. वेल्सचं 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' घ्या; मंगळवासी इंग्लंडवर चालून येतात, ती ही कादंबरी. गोष्ट म्हणून मला 'ड्रॅक्युला' जास्त आवडते, तरीही.

'द बॅटल ऑफ डॉर्किंग' (१८७१) एका बैठकीत संपते. जर्मन फौज इंग्लंडात उतरते आणि जिंकते. ही भीती लष्करी आहे, वंशाची फारशी नाही. लेखक जॉर्ज चेस्नी १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात जखमी झालेला अधिकारी. सत्ता कशी डळमळते, हे त्याने इथेच पाहिलं होतं.

'ड्रॅक्युला' (१८९७) मात्र धरून ठेवते. त्याच्या वाड्यात आलेला इंग्रज वकील हार्कर खोलीत येतो तर काउंट ड्रॅक्युला, हा रक्त पिणारा उमराव, सोफ्यावर पडून चक्क इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक वाचतोय! लंडनमध्ये आपण परके म्हणून ओळखू येऊ नये, यासाठी तो इंग्रजी घोटतोय. पुढे एका झटापटीत त्याचा कोट फाटतो आणि नोटा, सोन्याची नाणी खाली सांडतात. त्याच वर्षांत रशियातून परागंदा झालेले ज्यू पूर्व लंडनमध्ये वस्ती करत होते. त्यांच्याविरुद्धच्या ओरडीतून १९०५ चा परकीयांवरचा कायदा आला. पूर्वेकडून येणारा, पैसा दडवणारा, रक्त नासवणारा परका कोणाची आठवण करून देतो, हे तेव्हाच्या वाचकाला सांगावं लागत नव्हतं. आणि ही भीती खोटी आहे, असं पुस्तक एकदाही म्हणत नाही. मला ते फार खुपतं.

वेल्स पहिल्याच प्रकरणात ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटाचं नाव घेतो: युरोपियनांनी पन्नास वर्षांत तिथले लोक संपवले, मग मंगळवासीयांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? त्याच्याही लिखाणात 'कनिष्ठ वंश' आहेत, आणि ते लोक समूळ नष्ट झाले हेही चूक. त्यांचे वंशज आजही टास्मानियात आहेत. पण आपण केलं तेच आपल्यावर उलटेल, ही या सगळ्या कथांच्या पोटातली भीती तो उघड बोलतो.

एम. पी. शील या लेखकाचं 'द यलो डेंजर' (१८९८) सुरुवातीला नकोच. चिनी लोकांविषयीच्या द्वेषापलीकडे त्यात फार काही नाही.

वेल्सनंतर 'ड्रॅक्युला' हातात घ्याल तेव्हा व्हिटबी या किनाऱ्यावरच्या गावातला म्हातारा स्वेल्स यॉर्कशायरच्या बोलीत बोलू लागला की अडाल. तिथे शब्दकोश काढू नका, पुढे वाचा.