केळकर संग्रहालय: ‘आमच्या वेळी’वाल्यांना एकदा घेऊन जाच

बाजीराव रोडला नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, हे पुण्यात सगळ्यांना माहीत असतं. जातो कोण? एकदा शाळेच्या सहलीत, आणि पुढे थेट अमेरिकेतले पाहुणे आले की. माझं म्हणणं, घरात कोणी ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणणारं असेल तर पाहुण्यांची वाट न बघता त्यांना घेऊन जावं. मी आमच्या भाऊजींना नेलं. पोस्टातून निवृत्त झालेले, तब्येत ठणठणीत. रोज सकाळी घरच्या ग्रुपवर त्यांचा एक मेसेज ठरलेला: पूर्वी दाराला कुलूप नव्हतं, पूर्वीची माणसं शंभर वर्षं जगायची, आता सगळं रसातळाला चाललंय.

आधी संग्रहालयाबद्दल. दिनकर गंगाधर केळकरांचा धंदा चष्म्याचा, आणि ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करायचे. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला लागले ते आयुष्यभर जमवत राहिले; पत्नी कमलाबाईंची साथ होती. राजेमहाराजांच्या तलवारींपेक्षा त्यांचा जीव घरातल्या वस्तूंवर जास्त: समया, पानाचे डबे, खवण्या, दौती, कुलपं, कोरीव दारं. १९७५ साली सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. वस्तू वीस हजारांच्या आसपास, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच, आणि त्या बघतानाही पाय भरून येतात. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून उभं केलेलं दालन बघायला गर्दी असते. असू दे. मी अडकित्त्यांपाशी थांबते.

सुपारी कातरायची वस्तू ती, पण घडवणाऱ्यानं दोन दांड्यांची दोन माणसं केलीत, कुठे घोडा केलाय. तशाच वज्र्या. अंघोळीला टाच घासायची वज्री, खालून खरखरीत, आणि वर हत्ती, मोर, नाहीतर जोडपं. आत खडे, म्हणजे घासताना वाजावी. टाच घासताना कोण बघणार होतं? तरी केलंय. आता बाजारात प्लास्टिकची मिळते, आठवड्यात तिचे दात झडतात. माझा मिक्सर बिघडला तर दुरुस्तीवाला उघडूनसुद्धा बघत नाही, “काकू, नवीन घ्या, परवडेल” म्हणतो. कसब्यात तांबट आळीत तांब्यावर ठोके घालून मठारकाम करणारे हात अजून आहेत, पण घरं मोजायला लागतात. तेव्हा या बाबतीत भाऊजींचं शंभर टक्के बरोबर. वस्तूंची घसरण झाली आहे आणि ती मान्य करायला मला काही वाटत नाही.

पुढे तांब्यापितळेची भांडी बघून भाऊजी म्हणाले, “बघा वहिनी, ही खरी श्रीमंती.”

म्हटलं, “भाऊजी, चिंचेनं घासायला कोण होतं, तेही सांगा.”

आमच्या वाड्यात चौकात एक नळ होता. पहाटे पाणी यायचं. माझी आई दुसऱ्या मजल्यावर तांब्याचे हंडे चढवायची, आणि तो हंडा रिकामासुद्धा मला उचलवायचा नाही. कोपऱ्यात संडास, टोपलीचे. मागच्या बोळातून बाई यायची, टोपली ओढून न्यायची, आम्ही मुलं नाकाला फ्रॉक लावायचो. तिचं नाव वाड्यात कोणाला ठाऊक नव्हतं. दाराला कुलूप नसलेलं ते पुणं हेच. ही प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला आणि आणखी कडक कायदा २०१३ साली करावा लागला, यावरून काय ते समजा. ती टोपली कुठल्या काचेच्या कपाटात नसते, नसणारच. जपून ठेवावं असं कोणाला वाटेल ते जपलं जातं. म्हणून जुन्या सुंदर वस्तू बघून जुना काळ सुंदर होता असं म्हणणं मला पटत नाही.

भाऊजींनी शंभर वर्षांचं काढलं तेव्हा मी त्यांना संग्रहालयाच्या नावाबद्दल विचारलं. हा ‘राजा’ कोण? ते म्हणाले, संस्थानिक असतील कोणी. नव्हे. राजा म्हणजे केळकरांचा मुलगा. सात वर्षांचा असताना गेला, आणि बापानं आयुष्यभराच्या संग्रहाला त्याचं नाव दिलं. भाऊजी गप्प झाले. त्यांच्या आईची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, सात बाळंतपणं. हाती लागली चार. घरात हे कोणी विसरलेलं नाही, नुसतं मेसेजमध्ये येत नाही. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांतली १२९ बाळं वर्ष पुरं व्हायच्या आत जायची. २०२० साली हा आकडा २८ वर आला. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, आता सत्तरीच्या घरात. देवीचा रोग गेला, पोलिओ गेला. वज्रीवरचा मोर गेला त्याबद्दल मला हळहळ आहे, पण हा सौदा मला कोणी पुन्हा विचारला तर मी मोर देईन.

भाऊजींचं मतपरिवर्तन वगैरे काही झालं नाही. “मुलं जगली, पण भेटायला येतात का?” असं त्यांनी जिन्यातच विचारलं. त्यांचा मुलगा बंगळुरात असतो. यावर मी काय बोलणार, त्यांना लिमलेटची गोळी दिली.

जायचं तर स्वतःची गाडी नेऊ नका, बाजीराव रोडला लावायला जागा शोधण्यातच निम्मा उत्साह जातो. मंडईच्या मेट्रो स्थानकावरून चालत जाता येतं. गुडघे कुरकुरत असतील तर सकाळी जा, मध्ये बसत बसत बघा. आणि नातवंडं बरोबर असतील तर वाद्यं आणि कुलपं आधी दाखवा, भांडी मागाहून. माझ्या नातीला एकच प्रश्न पडला होता, एवढी जड चावी खिशात मावायची कशी.